तिसऱ्या शिडापर्यंत

रनाळ्याच्या हायस्कुलात भटू सरांनी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली, आणि त्या एकतीस वर्षांत लाल कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो, हे त्यांना एकदाही दिसलं नाही.

गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं. मुख्याध्यापक बदलले, संस्थेचे अध्यक्ष बदलले, तपासणीला साहेब येऊन गेले. कुणाला शंकासुद्धा आली नाही. सरांचं पेन्सिलीचं काम असं होतं की माणूस त्यातच अडकून पडे. बैलाच्या पाठीवरची झळाळी, म्हाताऱ्याच्या गळ्याच्या शिरा, पितळी तांब्यावर पडलेला खिडकीचा उजेड हे ते असं काढत, की पुढे रंग कसे भरतात असं विचारायचं कुणाच्या मनातच येत नसे.

जन्म मात्र मिरचीच्या मुलखातला. थंडीत या भागात मैलोन् मैल मिरची वाळत पडते. रस्त्यावरून जाणारे लोक म्हणतात, जमीन पेटल्यासारखी दिसते. लहानग्या भटूला ती नुसत्या नांगरलेल्या रानासारखी दिसायची. नऊ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला पहिल्यांदा तोडणीला नेलं आणि एक सरी दिली. दुपारी त्याची टोपली ओतली तर निम्म्या मिरच्या हिरव्या. वडिलांना वाटलं, पोरगा कामचोर आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तेव्हा सगळ्या मजुरांसमोर त्याला मार बसला.

"पिकेल सोडीसन हिरव्या तोडी लयना हाऊ! डोया शेतस का खोबणी?"

भटूने डोळे फाडून झाडाकडे पाहिलं. पानं होती, मिरच्या होत्या, सगळं एकाच मातकट रंगाचं. इतरांना त्यात काही वेगळं दिसतं, एवढं त्याला त्या दिवशी कळलं. आणि हे बोलायचं नाही, हेही त्याच दिवशी कळलं. पुढे वडिलांनीच निकाल देऊन टाकला. "याना हाते शेती व्हवाव नही. याले शाळामा जाऊ द्या."

शाळेत पेन्सिलीवर हात चालू लागला. धुळ्याला चित्रकला शिक्षकाचा कोर्स केला. रंगाच्या ट्यूबवर नाव छापलेलं असतं, हेच त्यांचं नशीब. नाव वाचायचं, ट्यूब पिळायची, पानाला पानाचा रंग, मातीला मातीचा. धास्ती एकाच गोष्टीची: रंग एकमेकांत मिसळायची. ताटलीत दोन रंग एकत्र झाले की त्यांतून काय तयार झालं हे त्यांना समजत नसे. मग ते मिसळतच नसत. सोबतचे विद्यार्थी म्हणत, भटूची रंगसंगती फार धीट आहे.

नोकरी लागली, लग्न झालं. निर्मलाबाई शहाद्याकडच्या. लग्नाला तीन महिने होत आले होते. एका दुपारी त्या नवी साडी नेसून समोर आल्या. सर म्हणाले, हा हिरवा तुला शोभून दिसतो. निर्मलाबाई पदराकडे बघत उभ्या राहिल्या. साडी लालभडक होती. त्या हसल्या नाहीत. जवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या,

"तुमले लाल दिसस नही ना?"

इतक्या सरळ त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. सरांनी मान हलवली.  शाळेत कळलं तर काय होईल, लोक काय म्हणतील, हे सगळं ते एका दमात बोलून गेले. निर्मलाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. मी शे ना."

त्या दिवसापासून चित्रकलेचा तास एका अर्थी दोघांनी मिळून घेतला. पोरांच्या वह्या घरी यायच्या. निर्मलाबाई भाजी निवडता निवडता पानं उलटायच्या. या पोरीने आंब्याची पानं तांबडी केली आहेत, याने आभाळ छान जमवलं आहे, याचा झेंडा उलटा रंगलाय. सर त्याप्रमाणे शेरे लिहायचे. रंगाच्या बाटल्यांवरची नावं पुसट झाली की त्या कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून मोठ्या अक्षरात पुन्हा लिहायच्या. सरांच्या शर्टांच्या कॉलरला आतून दोऱ्याच्या गाठी मारायच्या, एक गाठ, दोन गाठी, म्हणजे कुठल्या पँटवर कुठला ते समजे. मुलगी झाली, रुचिका. ती मोठी झाली, शिकली, लग्न होऊन बडोद्याला गेली. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं. सांगायचं राहिलं असं नाही, दोघांनी ठरवूनच सांगितलं नाही.

निवृत्तीच्या वर्षी शाळेची जुनी कपाटं रिकामी करताना सरांना एक मोठं छापील चित्र सापडलं. कुठल्या तरी परदेशी कॅलेंडरचं पान असावं. खाली परक्या भाषेत दोन ओळी होत्या. चित्र एका बंदराचं. डावीकडे समुद्रात शिरलेली दगडी भिंत आणि तिच्या टोकाला दीपस्तंभ, मग एकामागे एक शिडाची जहाजं, उजवीकडे धक्का आणि त्यामागे घरं. संध्याकाळची वेळ. आणि हे सगळं नुसत्या ठिपक्यांचं. एक रेघ नाही. जवळ गेलं की ज्वारीचे दाणे पसरल्यासारखं, लांब गेलं की पाणी हलायला लागतं.

धुळ्याला असताना एका तासाला सरांनी या पंथाचं नाव ऐकलं होतं, नवदृक्प्रत्ययवाद. नाव अवघड, पण पद्धत सोपी वाटली होती. या चित्रकारांनी ठरवलं, की रंग ताटलीत मिसळायचेच नाहीत. शुद्ध रंगाचे बारीक ठिपके शेजारीशेजारी ठेवायचे, मिसळायचं काम बघणाऱ्याचा डोळा करील. सर घरी आले ते पान छातीशी धरूनच.

"हाई मी काढू शकस," ते निर्मलाबाईंना म्हणाले. "मिसळायचं कामच नही यामा. फक्त तू सांगत जा, कोठे कोणता ठिपका शे."

निर्मलाबाईंनी चष्मा लावून पान पाहिलं. दोघांपैकी कुणीही समुद्र पाहिला नव्हता. "इतलं पाणी तर प्रकाशाना घाटवर तापीमा भी दिसस," त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ बघून म्हणाल्या, "पण हाई चांगलं शे."

चार फुटी प्लायवूडवर सरांनी पेन्सिलीने चौकटी आखल्या, तशाच बारीक चौकटी छापील चित्रावर. रोज दुपारी दोन ते चार. निर्मलाबाई भिंग घेऊन पानावर वाकायच्या आणि सांगत जायच्या. रंगांना त्यांची स्वतःची नावं होती. जांभळ्याला वांगी, पिवळ्याला हळद, नारंगीला पिकेल पपई. "निळा, निळा, वांगी, निळा. आता एक पपई. ती एकटीच शे, बारीक ठेवा." सर चिठ्ठी वाचून बाटली घ्यायचे, कुंचल्याचं टोक टेकवायचे. हाताने पुसलं जाऊ नये म्हणून डावीकडून उजवीकडे चालले होते. काही दुपारी एकच चौकट व्हायची. दीपस्तंभाला आठ महिने लागले. पहिल्या जहाजाचं शीड पुरं झालं त्या दिवशी निर्मलाबाईंनी शिरा केला होता.

चार वर्षं अशी गेली. कामात दोघं क्वचितच दुसरं काही बोलत. पण लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत आपण इतकं सोबत कधी बसलो नव्हतो, असं सरांना वाटे.

मार्चमधल्या एका दुपारी तिसऱ्या जहाजाच्या शिडापाशी पोचल्यावर निर्मलाबाई म्हणाल्या, डोकं जड झालंय, उरलेलं उद्या करू. आत जाऊन पडल्या. संध्याकाळी त्यांना उठता येईना, तेव्हा शेजारच्या हेमराजने गाडी काढली. नंदुरबारला पोचेपर्यंत त्या शुद्धीवर होत्या, पण बोलत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या.

रुचिका आली, महिनाभर राहिली. जाताना म्हणाली, "पप्पा, बडोद्याला चला." सर म्हणाले, येईन, सवडीने. ती गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपलं गुपित आता जगात आपल्या एकट्यालाच माहीत आहे. शर्टांच्या गाठी होत्या. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या होत्या. पण ज्या एका माणसासमोर काही लपवावं लागत नव्हतं, ते माणूसच आता उरलं नव्हतं. सर ओट्यावर बसत. येणारे-जाणारे "सर, जेवण झालं का?" विचारत आणि उत्तराला न थांबता पुढे जात. दोन वाजले की त्यांची पावलं आपोआप आतल्या खोलीकडे वळत. तिथे बोर्डापुढच्या दोन खुर्च्या तशाच होत्या.

जुलैत त्यांनी कुंचला पुन्हा हाती घेतला. भिंग आता स्वतःच धरलं. निळा दिसे, पिवळा दिसे. बाकीचं अंदाजाने. इतकी वर्षं ऐकून कान तयार झाला आहे असं त्यांना वाटत होतं. पाण्यावर उजेड पडला की निर्मलाबाई काय म्हणाल्या असत्या, सावलीत काय म्हणाल्या असत्या, हे आठवून ते ठिपके ठेवत गेले. आश्चर्य म्हणजे हात आता भराभर चालला. चार वर्षांत अर्धं झालेलं चित्र सात महिन्यांत उजव्या कडेपासून चार बोटांवर येऊन पोचलं. लांब उभं राहून ते पाहायचे. त्यांच्या डोळ्याला कुठेही सांधा दिसत नव्हता.

पाहायला येणारे सगळे वा वा म्हणत. मुख्याध्यापक इंद्रसिंग, सरांचाच जुना विद्यार्थी, एकदा येऊन हात जोडून म्हणाला, "सर, शाळेचं नवं सभागृह होतंय. मार्चअखेर उद्घाटन आहे. हे चित्र तिथे समोरच्या भिंतीवर लावू." सर हो म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी त्या रात्री पोटभर जेवण केलं.

मिरचीचा हंगाम चालू होता. डोंगरातून, धडगावकडच्या पाड्यांतून माणसं कामाला उतरली होती. हेमराजकडे आलेल्या टोळीत रमिलाबाई नावाची पन्नाशीची बाई होती. पाय मुरगळल्यामुळे तिला शेतात चालवेना, म्हणून हेमराजने तिला मिरचीचे देठ खुडायचं काम दिलं, आणि त्याच्या अंगणात ऊन फार म्हणून सरांच्या ओट्यावर बसवलं. ती घरी पावरी बोले, इथे मोडकीतोडकी अहिराणी. दिवसभर एकटीच बसलेली असे. सरही आत एकटेच. दोघांमध्ये उघडं दार असे, बोलणं नसे.

एका दुपारी ती पाण्यासाठी आत आली. माठ बोर्डाच्या खोलीतच होता. पाणी प्यायली आणि गडू हातात धरून चित्रापुढे उभी राहिली. इतरांसारखी ती लगेच काही म्हणाली नाही. बराच वेळ पाहत राहिली. मग तिने विचारलं,

"गुरजी, हाई दोन जणसनी काढं का?"

सरांचा कुंचला हवेतच राहिला. "का बरं?"

"आठलोंग एक हात शे." तिने बोट पुढे केलं, पण चित्राला लावलं नाही. बोट बरोबर तिसऱ्या शिडावर होतं. "आठून पुढे दुसरा."

"काय फरक शे?"

रमिलाबाईने मान तिरकी केली. "हाई पाणी जित्तं शे. तठलं पाणी खड्डामानं, शेवाळ चढेल. आन आभाळ... आभाळ कोठे हिरवं ऱ्हास, गुरजी?"

सर खुर्चीवर बसले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्यांना एकच समुद्र दिसत होता. गेल्या सात महिन्यांत किती माणसं आली, वा म्हणाली. सगळ्यांना दिसलं असणार. निवृत्त मास्तर, त्यात बायको गेलेली. कशाला बोला, म्हणून कुणी बोललं नसणार.

आणि मग त्यांनी या अनोळखी बाईला सांगून टाकलं. लाल कळत नाही, हिरवा कळत नाही, लहानपणापासून. बायको सांगायची. ती गेली.  पन्नास-पंचावन्न वर्षांत आपण होऊन हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं.

रमिलाबाईने गडू खाली ठेवला. तिला त्यात फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही. "मन्हा मामाले भी तसंच व्हतं," ती म्हणाली. "पिकेल बोर त्याले दिसेच नही. सगळा पाडा हासे. तो भी हासे. मंग पोरं तोडी देत त्याले."

"हासे?"

"मंग काय करीन तो? रडीन का?" असं म्हणून ती लंगडत बाहेर आपल्या ढिगापाशी गेली.

सर बसून राहिले. एका पाड्यात एक माणूस होता, त्याला बोरं दिसत नव्हती, आणि सगळ्यांना ते माहीत होतं. इतकं सोपं. आपण आणि निर्मलेने मिळून केवढी तटबंदी उभारली होती, आणि निर्मलेने जन्मभर तिच्यावर पहारा दिला. एकदा तरी तिला म्हणायला हवं होतं, की बाई, पुरे, सांगून टाकू. ती काय म्हणाली असती हे त्यांना खूप विचार करूनही ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रमिलाबाईला विनंती केली. थोडा वेळ भिंग धरून रंग सांगशील का? चुकलेलं पुन्हा करू. ती तयार झाली. निर्मलाबाईंच्या खुर्चीवर न बसता उभ्यानेच पानावर वाकली आणि सांगू लागली. तिचे शब्द वेगळे होते, एखाद्या फुलाचं नाव, एखाद्या पाखराचं. सर विचारून विचारून बाटली शोधत होते. काम होत होतं. तिची नजर तर फारच तेज होती. पण दहा-बारा ठिपक्यांनंतर सरांना जाणवलं, की आपण तिच्या बोलण्यात दुसराच आवाज शोधतोय, आणि तो न सापडल्याचा राग मनातल्या मनात या बिचारीवर काढतोय. त्यांनी कुंचला धुतला.

"ऱ्हाऊ दे, रमिलाबाई. तुन्हं काम पडेल शे."

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि भिंग ठेवून दिलं. 

होळीआधी डोंगरातली माणसं घरी परतायला लागली. रमिलाबाई तळोद्याच्या एसटीने निघाली, तिथून पुढे जीप. जाताना ओट्यासमोर उभी राहून म्हणाली, "आते मी येस, गुरजी." सर म्हणाले, "सांभाळीसन जा." ओटा झाडून घेतला तरी मिरचीचा ठसका चार दिवस घरात राहिला. सर शिंकायचे आणि बाहेर डोकावायचे.

चित्राची चार बोटं रुंद पट्टी उजवीकडे कोरी होती. धक्क्याचा शेवटचा दगड आणि एका घराची भिंत. सरांनी चुकलेल्या भागाला हात लावला नाही. ते सात महिनेही आपलेच होते, असं त्यांनी स्वतःशी म्हटलं. मग चिठ्ठ्यांच्या बाटल्या बाजूला सारल्या, फक्त काळा आणि पांढरा घेतला, आणि राहिलेली पट्टी काळ्या, पांढऱ्या, राखी ठिपक्यांनी भरून काढली. दगडावरचा उजेड, भिंतीवरची सावली. यात त्यांना कुणाला काही विचारायची गरज नव्हती. सहा दिवसांत चित्र संपलं. संपल्यावर काय करायचं ते त्यांना कळेना. ते कुंचले धूत बसले.

मग इंद्रसिंगला बोलावून त्यांनी सगळं सांगितलं.

इंद्रसिंग आधी हसला. त्याला वाटलं, सर थट्टा करताहेत. मग गंभीर झाला. "सर, पण मला दहावीला रंगकामात तुम्हीच अ दिला होता."

"तो निर्मलेने दिला होता," सर म्हणाले. "बरोबरच दिला होता."

इंद्रसिंगने चित्र पुन्हा एकदा जवळून पाहिलं. निघताना म्हणाला, "मला काही अडचण नाही, सर. समितीच्या कानावर घालतो." त्याचा फोन आला नाही. मार्चअखेर सभागृहाचं उद्घाटन झालं. सरांना निमंत्रण होतं, पहिल्या रांगेत खुर्ची होती, नारळ आणि शाल होती. समोरच्या भिंतीवर डोंगर, धबधबा आणि हरणं असलेलं मोठं फ्लेक्स होतं. त्याचे रंग फार झगझगीत आहेत, असं शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले. सरांनी बरं म्हटलं.

त्या आठवड्यात त्यांनी बडोद्याला फोन लावला. रुचिकाला डोळ्यांचं आणि चित्रातल्या तिसऱ्या शिडाचं सांगायला त्यांना फार शब्द लागले नाहीत, आता सवय झाली होती. 

"आईला माहीत होतं?" तिने विचारलं.

"तिलाच माहीत होतं."

"आणि मला नाही सांगितलं. दोघांनीही." तिचा आवाज दुखावलेला होता.  सर नुसतं म्हणाले, "चुकलं आमचं."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "व्हिडिओ कॉल करते. मला ते चित्र दाखवा."

सरांनी फोन उलटा करून बोर्डासमोर धरला. आता त्यांना तिचा चेहरा दिसत नव्हता. फक्त तिच्या घरातला पंखा ऐकू येत होता, आणि कुठे तरी नळ.

"डावीकडे घ्या, पप्पा," ती म्हणाली. "अजून डावीकडे. दीपस्तंभाच्या खाली, जिथे पाणी आहे तिथे. हां. आता हलवू नका."

सर हात लांब करून उभे राहिले.  दंडाला रग लागली, फोन थोडा थरथरू लागला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

"दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय," रुचिका म्हणाली. "थांबा जरा."